पट्टीची कुस्ती कोणाशी?

कंबर आणि पाय धरून डॉक्टरांकडे खेटे घालणाऱ्या साठीतल्या माणसाला शेवटी एकदा सांगितले जाते, "मणका सरकलाय, नस दबलीय. नस मोकळी करू आणि स्क्रू-रॉड टाकून मणके फिक्स करू." घरचे हबकतात. मग कोणीतरी लवचिक पट्टीचे नाव काढतो. मणका धरूनही ठेवते म्हणे, आणि वाकताही येते.

पट्टीच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. कणा हालण्यासाठी आहे. दोन मणके हाडाने कायमचे जोडले, म्हणजे फ्यूजन केले, की त्यांच्या वाट्याची हालचाल शेजाऱ्यांवर पडते आणि शेजारी लवकर झिजतात. निसर्गाने जिथे अस्थिबंध दिले, तिथे पॉलिस्टरची पट्टी बसवावी. धातूचा दांडा हवा कशाला?

यातली फ्यूजनविरुद्धची तक्रार मला मान्य आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कमरेचे मणके जोडलेल्यांपैकी सुमारे 16 टक्क्यांना पाच वर्षांत आणि 36 टक्क्यांना दहा वर्षांत शेजारच्या मणक्यांवर पुन्हा ऑपरेशन लागेल, असा हिशेब निघाला. त्यातला किती वाटा जोडणीचा आणि किती वयाचा, हे वेगळे काढणे कठीण. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शिवाय 1911 साली न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि अल्बी यांनी मणके जोडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रामुख्याने क्षयाने पोखरून ढासळणारे मणके होते. तिथला उपाय वयोमानाने झिजलेल्या कमरेवर सरसकट लावावा का, ही शंका रास्तच आहे.

पण रॉड वाईट ठरला म्हणून पट्टी चांगली ठरत नाही.

पट्टीचा पूर्वेतिहास पाहा. फ्रान्सच्या हेन्री ग्राफ यांनी दोन मणक्यांत स्क्रू बसवून त्यांच्या डोक्यांभोवती विणलेल्या पॉलिस्टरच्या पट्ट्या ताणून अडकवल्या. पुढे वाकणे रोखले गेले, पण मणके मागच्या बाजूने एकमेकांवर आवळले गेले. मागचे सांधे दाबले जात आणि नस जिथून बाहेर पडते ती वाट अरुंद होई, म्हणजे ज्या नसेसाठी खटाटोप केला तीच पुन्हा चिमटण्याची भीती. यावर फ्रान्सच्याच जिल दुबोआ यांनी तोड काढली: स्क्रूंच्या मधल्या दोरीवर प्लास्टिकची नळी ओवली. पुढे वाकताना दोरी ताण घेते, मागे झुकताना नळी दाब घेते. ही डायनेसिस पद्धत 1994 पासून वापरात आली. कल्पना देखणी आहे, यात वादच नाही.

अडचण स्क्रूची आहे. फ्यूजनमध्ये स्क्रू-रॉडचे काम हाड जुळेपर्यंतच. एकदा हाड जुळले की भार हाड घेते. पट्टीत हाड जुळायचेच नाही, म्हणून त्याच स्क्रूने आयुष्यभर ताण सोसायचा, तोही म्हाताऱ्या, ठिसूळ हाडात. तो ढिला होतो आणि एक्स-रेत त्याच्याभोवती काळी कड दिसू लागते. झ्युरिचच्या ग्रोब आणि सहकाऱ्यांनी 2005 साली आपल्या डायनेसिसच्या रुग्णांचा लेखाजोखा मांडला, तेव्हा ऑपरेशनने आयुष्य सुधारले असे म्हणणारे निम्मेच निघाले. अमेरिकेत तर गंमतच झाली. फ्यूजन टाळण्यासाठी जन्मलेल्या या पद्धतीला तिथे 2004 साली परवानगी मिळाली ती फ्यूजनला पूरक म्हणून! फ्यूजनविना वापराचा प्रस्ताव 2009 साली सल्लागार समितीपुढे गेला आणि तिने प्रतिकूल कौल दिला.

नव्या पट्ट्यांनी स्क्रूच टाळला आहे. त्या पाठीवर हाताला लागणाऱ्या कंटकांभोवती गुंडाळल्या जातात. हे शहाणपणाचे झाले. पण अशा एका पट्टीची, लिमिफ्लेक्सची, अमेरिकेतली चाचणी झाली ती फ्यूजनशी तुलना करून. माझा खरा आक्षेप इथे आहे. खरा प्रतिस्पर्धी आखाड्याबाहेरच ठेवला जातो, आणि तो म्हणजे नुसती नस मोकळी करणे. स्वीडनमध्ये 247 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मणका सरकलेला असो वा नसो, दोन वर्षांनी फ्यूजनचा जादा फायदा दिसला नाही. 2021 साली नॉर्वेहून 267 रुग्णांचा निकाल आला. हे सगळे मणका सरकलेलेच होते, आणि तिथेही नुसती नस मोकळी केलेले मागे पडले नाहीत. म्हणजे फ्यूजनची बरोबरी काहीच न घालताही साधते. मग तीच बरोबरी साधून पट्टीने कमावले काय?

यावर पट्टीवाले 2016 सालचीच अमेरिकी चाचणी पुढे करतील, आणि करावीच. अवघे 66 रुग्ण, पण चार वर्षांत नुसती नस मोकळी केलेल्यांपैकी 34 टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागले, फ्यूजनवाल्यांपैकी 14 टक्क्यांना. म्हणजे काहींचा मणका नंतरही त्रास देत राहतो. पट्टीला जागा असलीच तर या लोकांत आहे.

वाढत्या मुलांच्या वाकड्या कण्यात मात्र दोरीची बाजू मी उचलून धरेन. बाकाच्या फुगीर बाजूच्या मणक्यांत पुढून स्क्रू बसवून त्यांतून दोरी ताणतात. त्या बाजूची वाढ मंदावते, दुसरी बाजू वाढत राहते आणि कणा हळूहळू सरळ होतो. 2019 साली अमेरिकेत याला विशेष तरतुदीखाली परवानगी मिळाली. दोरी तुटते, कधी बाक उलट दिशेलाही जातो. हे लपवू नये. पण तिथे दोरीने मुख्यतः वाढीची उरलेली वर्षे निभवायची असतात, आणि न घातल्यास बाक वाढण्याचा धोका समोर असतो. साठीच्या कमरेत यातले काहीच लागू नाही.

तिथे हवी ती तीन गटांची चाचणी: नुसती नस मोकळी केलेले, वर पट्टी घातलेले आणि वर फ्यूजन केलेले. रुग्ण असे निवडावेत, की ज्यांचा मणका वाकून आणि ताठ उभे राहून काढलेल्या एक्स-रेत खरोखर हलताना दिसतो. निदान पाच वर्षे थांबावे आणि दुसऱ्या ऑपरेशनांचा हिशेब पट्टी विकणाऱ्यांशी देणेघेणे नसलेल्यांनी ठेवावा.