लंडनच्या लग्नाचं वऱ्हाड

टोकरखाड्यात हल्ली एखाद्या पत्रिकेसोबत प्रश्नही येतो: लग्न लंडनला, मग व्हिसा कोणता? आमच्या शेजारच्या काकूंच्या भाचीचं तिथे लग्न. कुणीतरी त्यांना ‘मॅरेज व्हिजिटर’ सुचवला. नावावरून तोच वाटतो म्हणा! पण तो तिथे जाऊन लग्न करून परतणाऱ्या वधूवरांचा. वऱ्हाडी मंडळींना साधा ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ लागतो.

अर्ज प्रवासाच्या फार तर ३ महिने आधी करता येतो. तान्ह्या बाळाचाही वेगळा. व्हिसा १० वर्षांचा मिळाला तरी एका खेपेला मुक्काम साधारण ६ महिन्यांपर्यंतच.

अधिकाऱ्याला पत्रिकेइतकंच परत येण्याचं कारण पाहायचं असतं: नोकरी, घर, शेती, पेन्शन. जाताय लग्नाला तर ‘फिरायला’ असं लिहू नका. खर्च तिकडचे नातेवाईक करणार असतील तर तसंच सांगा. अर्जाआधी उसने पैसे भरून फुगवलेलं पासबुक चटकन नजरेत येतं.

काकूंनी पंधरा दिवसांचा मुक्काम लिहिला, पेन्शनचे कागद जोडले आणि बोटांचे ठसे द्यायला वापीहून गाडीने मुंबई गाठली. पैठणी घेऊन झालीय. विमानाचं तिकीट मात्र व्हिसा हातात आल्यावरच.