संसारचिंतन : दोन हात फळीचा करार

गेल्या महिन्यांत आमच्या एका आप्तांनीं अमेरिकेहून चार पानांचा एक कागद आम्हांस वाचावयास पाठविला. ते तेथील एका गांवीं छोट्या आगगाड्यांच्या मंडळाचे सभासद आहेत; आणि कागद होता त्या मंडळाच्या कपाटांतील व फळ्यांवरील जागा सभासदांस भाड्यानें देण्याच्या नियमांचा. प्रथमदर्शनीं आम्हांस हंसूं आलें. खेळण्यांतल्या गाड्या, त्या ठेवावयाची दोन हात फळी, आणि तिच्यासाठीं चौदा कलमें ! परंतु सोबतच्या पत्रांत त्या कलमांची जन्मकथा होती. ती वाचल्यावर हंसूं मावळलें, आणि हा विषय आमच्या वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

हा छंद केवळ पोरखेळ नव्हे, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. पुण्यास कोथरूड येथें कै. भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांस दाखवावयाचें म्हणून तेथें गेलेले वडीलच तेथून लवकर हालत नाहींत, हा अनुभव आमच्या कित्येक वाचकांस असेल. लंडनचें मॉडेल रेल्वे क्लब हें मंडळ १९१० सालचें. अमेरिकेंतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संस्था १९३५ सालीं निघाली. एका कारखान्याचा डबा दुसऱ्या कारखान्याच्या रुळांवर बिनतक्रार धांवावा, एवढ्यासाठीं चाकांचीं व रुळांचीं मापें ठरवून देणें हें तिचें मोठें कार्य.

यांतील अधिक प्रचारांत असलेलें माप 'एच्-ओ' या नांवानें ओळखलें जातें. त्यांत प्रत्येक वस्तु खऱ्या वस्तूच्या सुमारें सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असते, आणि दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. हा हिशेब ऐकावयास लहान वाटतो. पण अमेरिकेंतील पंच्याऐंशी फुटी उतारूडबा या मापानें केला, तरी तो पावणेबारा इंच भरतो. असे दहा डबे व पुढें इंजिन जोडलें, कीं गाडी दहा फुटांच्या पलीकडे जाते. खरा एक मैल दाखवावयाचा, तर साठ फुटांहून अधिक रूळ हवा. एवढी जागा कोणाच्या दिवाणखान्यांत मिळणार ? म्हणून दहावीस छंदी माणसें एकत्र येतात, वर्गणी काढून एखादें तळघर किंवा जुनें गोदाम भाड्यानें घेतात, आणि तेथें डोंगर, पूल, स्थानकें यांसह सामाईक मांडणी उभारतात. रूळ सर्वांचे, इंजिनें व डबे मात्र ज्याचे त्याचे. तीं नाजुक वाहनें दर आठवड्यास घरून आणावयाचीं आणि परत न्यावयाचीं, म्हणजे आज एक आंकडा तुटला, उद्यां एक कठडा वांकला, असें चालतें. मग मांडणीच्या टेबलांखालच्या फळ्यांस सोन्याची किंमत येते.

आमच्या आप्तांच्या मंडळांत या फळ्यांविषयीं कित्येक वर्षें एकहि नियम नव्हता. "आपण सारे मित्रच, मित्रामित्रांत कागद कशाला?" असें म्हणून ज्यास जेथें रिकामें दिसेल तेथें तो आपलीं खोकीं ठेवी. पुढें मंडळांतील एक वृद्ध सभासद वारले. हात मोठा कसबी. म्हणून अनेकांचीं बिघडलेलीं इंजिनें त्यांच्याकडे दुरुस्तीस येत. त्यांच्या फळीवर विसांहून अधिक खोकीं होतीं, पण यादी नव्हती. दूरच्या गांवीं राहणारा मुलगा दोन दिवसांच्या रजेवर आला. "बाबांची फळी कोणती ?" असें त्यानें विचारलें, कोणीतरी बोट दाखविलें, त्यानें सर्व खोकीं गाडींत घातलीं, आणि पुढच्या आठवड्यांत तीं एका व्यापाऱ्यास एकगठ्ठा विकलीं. त्यांत निदान चार सभासदांच्या वस्तु होत्या. आमच्या आप्तांचें एक पितळी इंजिनहि होतें. तें त्यांनीं आपल्या पहिल्या पगारांतून घेतलें होतें.

मुलाची लबाडी नव्हती, मंडळाची नव्हती, आणि मृताची तर नव्हतीच. पण दोघां सभासदांनीं त्या विधवा बाईंस पत्र लिहून आपल्या वस्तूंची किंमत मागितली. "चाळीस वर्षांत यांनीं कोणाचा खिळासुद्धां घरीं आणला नाहीं," असें त्यांनीं उलट लिहिलें. आणि दरसालच्या स्नेहभोजनास त्या पुनः आल्या नाहींत. आमच्या आप्तांनीं आपल्या इंजिनाचा शब्दहि काढला नाहीं. "इंजिन गेलें त्याचें कांहीं नाहीं," असें ते लिहितात, "परंतु त्या घरची पायरी चढतांना आतां पाय अडखळतो. मी मनांत कांहीं धरलें आहे असें त्यांस वाटतें, आणि नाहीं असें सांगावयास गेलों तर विषय निघतो."

या प्रसंगानंतर तीं चौदा कलमें झालीं. त्यांतील मर्म आम्ही थोडक्यांत सांगतों.

पहिला प्रश्न असा, कीं मंडळ देतें तें काय ? जागेचा भाडेपट्टा, नुसती वापरण्याची परवानगी, कीं वस्तूंची राखण ? या तिन्ही गोष्टी कायद्यांत निरनिराळ्या आहेत. आपल्याकडील १८७२ च्या कराराच्या कायद्यांतहि असें तत्त्व आहे, कीं दुसऱ्याची वस्तु विश्वासानें ताब्यांत घेणाऱ्यानें, साधारण शहाणा मनुष्य आपल्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी तिची घेतली पाहिजे. म्हणून त्या मंडळानें स्पष्ट लिहिलें : फळी वापरण्याची वर्षापुरती परवानगी आहे, कुलूप सभासदाचें, किल्ली सभासदाची, आणि राखणहि त्याचीच. मंडळ स्वतःच भाडेकरू. तें जागा सोडील त्या दिवशीं ही परवानगीहि संपते. ही शंका पोकळ नव्हे. बोस्टनजवळील सुप्रसिद्ध एम्. आय्. टी. या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचें असेंच मंडळ १९४६ पासूनचें. त्याचें बिऱ्हाड युद्धकाळीं तात्पुरती म्हणून बांधलेल्या एका लांकडी इमारतींत कित्येक दशकें होतें. ती इमारत १९९८ सालीं पाडली गेली, आणि मंडळास दुसऱ्या जागेंत मांडणी नव्यानें उभारावी लागली.

दुसरें कलम भाड्याचें. भाडें अगदीं थोडें. पण तें वर्गणीबरोबर दरसाल द्यावेंच लागतें. यांत पैशाचा लोभ नाहीं. फुकटची जागा कोणी सोडीत नाहीं; वर्षांतून एकदां पैसे मोजतांना मात्र "हीं खोकीं मला खरोखर हवीं आहेत काय ?" हा प्रश्न मनुष्य स्वतःस विचारतो. प्रत्येकास एकच फळी. अधिक हवी त्यानें प्रतीक्षायादींत नांव घालावें.

तिसरें कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. प्रत्येक फळीची यादी दोन प्रतींत; एक सभासदाजवळ, एक चिटणिसांजवळ. दुसऱ्याची वस्तु दुरुस्तीस वा उसनी आली असेल, तर तिच्या खोक्यावर धन्याचें नांव व तारीख. हें एक कलम आधीं असतें, तर एक स्नेह वांचला असता.

पुढील कलमें निषेधाचीं आहेत. रंग पातळ करण्याचीं द्रव्यें, फवाऱ्याचे डबे व लिथियमच्या विद्युत्घटमाला फळीवर ठेवूं नयेत, कारण त्या आगीस आमंत्रण; खाद्यपदार्थ ठेवूं नयेत, कारण ते उंदरांस आमंत्रण. विजेच्या मुख्य फलकापुढें तीन फूट मोकळे असावेत आणि छतावरील अग्निशामक फवाऱ्याखालीं अठरा इंच. हे तर अमेरिकेंतील सर्वसाधारण दंडकच आहेत. सामानाच्या प्रकृतीविषयींहि एक सूचना आहे : जुन्या खोक्यांतील स्पंजासारखी गादी कालांतरानें विरघळून चिकट होते व रंग खाते, म्हणून ती वेळेवर बदलावी. विम्याविषयीं असें, कीं मंडळाच्या विम्यांत सभासदाची खाजगी चीजवस्तु येत नाहीं. ज्यानें त्यानें आपली सोय पाहावी. भाडें थकल्यास लेखी सूचना व ठराविक मुदत. तोंवर फळीस कोणी हात लावावयाचा नाहीं.

शेवटचें कलम मृत्यूचें. प्रत्येक सभासदानें आपल्या पश्चात् फळी कोणीं उघडावी, त्याचें नांव लिहून द्यावें. आणि ती उघडतांना मंडळाचे दोन सभासद यादी घेऊन हजर असावेत. नांव दिलेली व्यक्ति मालक होत नाहीं. ती वस्तु योग्य हातीं पोंचविणारी विश्वस्त होय, असेंहि त्यांत म्हटलें आहे. कंपन्यांच्या भागांसंबंधीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं हेंच सांगितलें, कीं नामनिर्देशानें वारसांचा हक्क बुडत नाहीं. बँकेच्या कागदावर नांव घातलें म्हणजे सर्व झालें, असें समजणाऱ्या घरांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां हा परदेशीं कागद बाजूस ठेवून आपण आपल्या माळ्याकडे पाहूं. एकत्र कुटुंबांत भांडीं सर्वांचीं, पण ट्रंका ज्याच्या त्याच्या. धाकट्या जावेच्या माहेरचें ताट, परगांवीं गेलेल्या दिरांचीं पुस्तकें, आत्याबाईंनीं "येतांना नेईन" म्हणून ठेवलेला हंडा — सारें एकाच माळ्यावर. विचारावें तर परकेपणा वाटेल, म्हणून कोणी विचारीत नाहीं, आणि लिहून ठेवणें तर अपमानच मानतात. भीड भिकेची बहीण, ही म्हण आपण पैशाच्या व्यवहारांत लावतों. प्रेमाच्या व्यवहारासहि ती तितकीच लागू आहे. ज्या घरांत माणसें हयात असतां चिठ्ठी लागत नाहीं, तेथें त्यांच्या पश्चात् प्रश्न निघतो. आणि उत्तर द्यावयास जो एकच मनुष्य समर्थ असतो, तोच नसतो. यादी ही अविश्वासाची खूण नव्हे. मागें राहणाऱ्यांस एकमेकांच्या तोंडाकडे संशयानें पाहावें लागूं नये, म्हणून आधींच केलेली ती सोय आहे.

आमच्या आप्तांनीं आपल्या फळीसाठीं सूनबाईंचें नांव दिलें आहे. कोणतें इंजिन कोणाचें, हें घरांत त्यांसच ठाऊक आहे म्हणून. आम्हींहि गेल्या रविवारीं घरांतील सर्वांस बसवून माळ्यावरील सामानास चिठ्ठ्या लावल्या. अकरा ट्रंकांपैकीं दहांचे धनी सांपडले. अकरावी कोणाची, हें आमच्या मातोश्रींस ठाऊक असावें. पण त्यांस जाऊन आतां सहा वर्षें झालीं.