कमान स्वस्त आहे, भिंतीला विचारून घाला

लोखंड महाग, सिमेंट महाग, आणि घरकुलाचा पैसा जोत्यापर्यंत येता येता संपतो. अशा वेळी कोणी सांगतो, ‘भाऊ, सपाट स्लॅब कशाला? कमानीचे छत घाला, लोखंड फार लागत नाही.’ शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, तो खोटे बोलत नाही. पण तो अर्धेच सांगतो. उरलेले अर्धे आज सांगायचे आहे, कारण त्या छताखाली आपली लेकरे झोपणार आहेत.

काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. सपाट स्लॅब वाकला की खालच्या अंगाला ताण येतो, म्हणून त्यात सळया घालाव्या लागतात. दोन खुंट्यांना साखळी सैल बांधा. तिला जो झोल पडतो, तो आकार उलटा केला की कमान जवळजवळ सगळी दाबातच उभी राहते. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने हे १६७५ च्या सुमारास मांडले. आपल्याकडे वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरच्या शंकूसारख्या नळ्या एकीत एक बसवून कमानीची छते घालून दाखवली. तेव्हा कमान ही गरिबाची तडजोड नव्हे, शहाणपणाची वस्तू आहे.

मग घोडे कुठे अडते? भिंतीत. सपाट स्लॅब भिंतीवर फक्त खाली बसतो. कमान भिंतीला बाहेर रेटते. विजापूरचा गोलघुमट १६५६ पासून उभा आहे, पण त्याच्या भिंती सुमारे १० फूट जाड आहेत. त्या शोभेसाठी नाहीत. आपली भिंत नऊ इंची.

हिशेब पाहा. खोली १० फूट, म्हणजे ३ मीटर रुंद. छताचे वजन आणि वर चढणारी माणसे मिळून चौरस मीटरला २०० किलो धरू. कमानीची उंची अडीच फूट ठेवली तर भिंतीच्या दर मीटर लांबीला बाहेरचा रेटा सुमारे ३ क्विंटल येतो. सामान वाचवायला उंची एका फुटावर आणली, तर तोच रेटा साडेसात क्विंटल होतो. कमान जितकी चपटी, तितका रेटा जास्त. गवंडी चपटी कमान स्वस्त म्हणून देतो. तिची किंमत भिंत मोजते.

या रेट्यावर उपाय आहेत. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सळईचा काँक्रीट पट्टा, आणि समोरासमोरच्या पट्ट्यांना बांधणाऱ्या आडव्या सळया. त्या किती जाडीच्या आणि किती अंतरावर, हे इंजिनीअरकडून आकड्यात लिहून घ्या. ओळीने खोल्या असल्या तर मधल्या भिंतीवर दोन्हीकडचे रेटे एकमेकांना तोलतात. शेवटची भिंत मात्र एकटी असते. खोलीत डोक्यावर सळई दिसते, बरी दिसत नाही, म्हणून पुढे कोणी ती कापतो. बैलगाडीचे जू कापून गाडी चालत नाही. सळईला गंज चढू देऊ नका.

दुसरा शत्रू पायाखाली आहे. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया हलला की भिंत सरकते, भिंत सरकली की कमानीला चीर पडते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर इंजिनीअरला विचारल्याशिवाय कमानीचे नाव काढू नका.

तिसरी गोष्ट घाई. इंडियन स्टँडर्ड ४५६ प्रमाणे ६ मीटरपर्यंतच्या कमानीचे टेकू साध्या सिमेंटला किमान १४ दिवस ठेवायचे असतात. सेंट्रिंगचे भाडे वाचवायला ते चौथ्या दिवशी काढणे म्हणजे जीव गहाण टाकणे. आपल्या उन्हाळ्यात निदान १० दिवस काँक्रीट ओले राहिले पाहिजे. पाणी टँकरने येत असेल तर काम पावसाळ्यानंतर काढा.

आणि घर झाल्यावर? कमानीच्या एकाच अंगाला कडबा रचू नका, माथ्यावर पाण्याची टाकी ठेवू नका. सारख्या ओझ्याला कमान दाद देत नाही, एकांगी ओझ्याने मोडते. दोन कमानींमधली पन्हळ पावसाआधी साफ करा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे मेली. भूकंपाने जमीन हलली. माणसे मेली ती मातीचे जड धाबे आणि नीट न सांधलेल्या दगडी भिंती अंगावर येऊन. छत आणि भिंत एकमेकांना बांधलेली नसली की काय होते, हे त्या गावांनी भोगले आहे.

काटकसर आकारात करा, मजुरीत करा, रंगात करा. बांधणीच्या सळईत आणि पायात करू नका. कमानीचा नकाशा कोणी पुढे केला तर चार प्रश्न विचारा: रेटा किती, तो कोण पेलणार, पाया कशावर, टेकू कधी काढणार? उत्तर कागदावर, सहीसह मिळाले तरच विसार द्या. कापसाच्या मापात एक किलोची दांडी मारली तर आपण काटा अडवतो. छताच्या मापात गप्प का बसायचे?