यादीत नाव नाही म्हणून सवलत नाही, हे चालणार नाही

दहावी-बारावी कशीबशी पार पडते. शाळा घराजवळ असते, बाई नावानिशी ओळखतात, आई समोर बसवून अभ्यास घेते. महाविद्यालय सुरू झालं की हे आधार एकदम सुटतात आणि एडीएचडी असलेला विद्यार्थी उघडा पडतो. लक्ष टिकवणं, हातातलं काम तडीस नेणं, वेळेचा अंदाज बांधणं यांत येणारी ही अडचण मेंदूच्या वाढीशी निगडित आहे आणि ती लहानपणापासून सोबत असते. चिंचपोकळी-लालबागच्या घरांत मात्र अशा मुलांना ‘वेंधळा’, ‘मनावरच घेत नाही’ असंच ऐकावं लागतं. परीक्षेत जादा वेळ किंवा वेगळी खोली मागायला गेलं की प्रमाणपत्र आणा म्हणतात, आणि ते मिळण्याची धड वाटच आपल्याकडे नाही. म्हणून हे मुद्दे.

१. एडीएचडी कायद्याच्या यादीत नाही.
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, डिसलेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजारही आहे, एडीएचडी नाही. सरकारी रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ निदान करतात, औषध लिहून देतात, पण तेवढ्यावर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र निघत नाही. सोबत डिसलेक्सिया असेल तर त्याच्या आधाराने सवलत मिळू शकते. ज्याला फक्त एडीएचडी आहे, तो मधल्यामध्ये अडकतो.

२. पण कायदा यादीपाशी संपत नाही.
याच कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या व्यापक आहे. दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांशी निगडित अडचण आणि तिच्यामुळे समाजात बरोबरीने वावरता न येणं, असा तिचा आशय आहे. कलम १६ शिक्षणसंस्थांना प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायला सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिकाची सोय ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीला बांधता येणार नाही असा निकाल दिला. आरक्षण आणि परीक्षेतली सोय या वेगळ्या गोष्टी आहेत. एडीएचडीचा विद्यार्थी राखीव जागा मागत नाही. आपल्याला येतं ते कागदावर उतरवता यावं, एवढंच त्याचं मागणं आहे.

३. महाराष्ट्राने यादीची वाट पाहिल्याचा इतिहास नाही.
१९९५ च्या केंद्रीय कायद्यात सातच प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. तरीही महाराष्ट्राने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. देशाच्या कायद्याला तिथे पोचायला आणखी वीस वर्षं लागली. अमेरिकेने २००८ मध्ये आपला कायदा सुधारताना वाचन, एकाग्रता आणि विचार करणं ही जगण्यातली मुख्य कामं मानली. तिथे आजाराच्या नावापेक्षा अडणारं काम मोजलं जातं. मुंबई विद्यापीठाला हाच मार्ग आज घेता येईल.

४. तपासणी नीट झाली पाहिजे.
एडीएचडी रक्ताच्या चाचणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झाली होती का, ती घरी आणि शाळेत अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, हे विचारून पाहावं लागतं. झोप, थायरॉईड, चिंता, नैराश्य ही कारणं तपासावी लागतात. बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत, टीव्ही चालू असताना कुणाचंही लक्ष उडेल. परिस्थितीमुळे लक्ष न लागणं आणि एडीएचडी यांतला फरक सांगायला अनुभवी माणूस आणि पुरेसा वेळ लागतो. जुनी प्रगतिपुस्तकं आणि त्यांवरचे शिक्षकांचे शेरे इथे कामाला येतात. पालकांनी ते टाकून देऊ नयेत. गप्प बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुली तर वर्गात कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेतही येत नाहीत.

५. रुग्णालयं जवळ आहेत, वेळ जवळ नाही.
परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, शीवचं लोकमान्य टिळक ही महापालिकेची तिन्ही मोठी रुग्णालयं चिंचपोकळीपासून फार लांब नाहीत. पण ओपीडी सकाळची आणि तपासणीला फेऱ्या अनेक. दिवसा नोकरी आणि रात्री कॉलेज करणाऱ्याने किती खाडे करायचे? खासगीत जायचं तर हजारो रुपये मोजावे लागतात. गिरणगावातल्या मुलाची अडचण त्याच्या खिशावरून ठरता कामा नये.

६. गैरफायद्याची भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय आहे.
पैसे टाकून अहवाल आणले जातील, असं प्राध्यापक म्हणतात. त्यांची शंका रास्त आहे. पण सरकारी तपासणी सहज मिळत नाही, तिथेच पैशाच्या अहवालाला मोल येतं. सार्वजनिक रुग्णालयात, ठरलेल्या पद्धतीने आणि फुकट तपासणी झाली तर खोट्याला जागा उरणार नाही आणि खऱ्याला दार उघडेल.

७. आमच्या मागण्या.
अ) सरकारी किंवा पालिका रुग्णालयाने दिलेला, नेमकी अडचण आणि नेमकी सोय सांगणारा अहवाल विद्यापीठाने एडीएचडीसाठी ग्राह्य धरावा.
आ) पालिका रुग्णालयांनी अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एक दुपारची ओपीडी ठेवावी आणि अर्जापासून अहवालापर्यंतची मुदत जाहीर करावी.
इ) तपासणी मराठीतही व्हावी. वाचनाच्या अडचणींसाठी ‘डाली’ ही चाचणी २०१५ पासून मराठीत आहे. मग एडीएचडीच्या प्रश्नावल्यांना इंग्रजीचीच अट का?
ई) दिव्यांगांच्या लेखी परीक्षेसाठी केंद्राने २०१८ मध्ये ताशी किमान २० मिनिटांचा जादा वेळ ठरवला आहे. अहवालात शिफारस असेल तर तो इथेही द्यावा. सोबत शांत खोली असावी.
उ) विद्यार्थ्याची माहिती गुप्त राहावी, आणि नकार दिला तर लेखी कारणासह द्यावा.

विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी निवडून पाठवतात. लालबाग-परळच्या पदवीधरांनो, पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला या पाच मागण्यांवर लेखी उत्तर मागा. उत्तर मिळाल्याशिवाय मत देऊ नका.