घरचं उणं कुणी लिहायचं?

समाजातलं काही खटकलं आणि ते लिहायचं म्हटलं, की घरातूनच सल्ला येतो : "आधीच लोक आपल्यावर टपलेत, त्यात तू कशाला भर घालतोस?" हा सल्ला निव्वळ भित्रेपणाचा नाही. नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं गेलं, त्याला तो लगेच समजतो. पण तो कायमचा मानला तर काय होतं, हे एका छोट्या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासात दिसतं.

सतराव्या शतकाच्या मध्यात जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने इंग्लंडमध्ये क्वेकर पंथ उभा राहिला. धर्मगुरू नको. शपथ नको, कारण खरं तर नेहमीच बोलायचं असतं. प्रार्थनेला शांत बसायचं आणि आतून हाक आली तर उठून बोलायचं, मग ती स्त्री असो वा पुरुष. यापायी हजारो जण तुरुंगात गेले. ते स्वतःला 'सत्याचे प्रकाशक' म्हणवत आणि पुस्तिका छापत. तरीही १६७३ पासून लंडनमध्ये त्यांचीच एक समिती छापण्याआधी मजकूर तपासू लागली. छळ सोसलेल्या समाजाला आपली प्रतिमा जपावीशी वाटणारच.

त्याची दुसरी बाजू अमेरिकेत दिसली. पेनसिल्व्हेनियातले कित्येक सुखवस्तू क्वेकर गुलाम बाळगत. त्यांच्यातल्याच बेंजामिन ले यांनी १७३७ मध्ये, समाजाची परवानगी न घेता, याविरुद्ध पुस्तक छापलं. पुढच्याच वर्षी समाजाने त्यांना बाहेर काढलं. प्रश्न मात्र आतच राहिला. जॉन वुलमन यांच्यासारखे मृदू बोलणारे लोक घरोघरी जाऊन समजावत राहिले. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांवर कारवाई ठरवली. १७७६ मध्ये गुलाम बाळगायलाच बंदी केली. आज क्वेकरांचं नाव गुलामगिरीविरोधासाठी आदराने घेतलं जातं. ती अब्रू गप्प बसणाऱ्यांनी कमावलेली नाही.

दुसरा धडा आपल्या वसईतला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता' या कॅथलिक मासिकाचे संपादक होते. चर्चच्या मासिकात त्यांनी साहित्याला आणि सामाजिक प्रश्नांना जागा दिली. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते साऱ्या वसईच्या प्रश्नांसाठी रस्त्यावर उतरले. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा धर्मगुरू म्हणून आक्षेप घेतला गेला. पण तोवर त्यांचं मराठी लेखन शेजाऱ्यांच्या घरात पोहोचलेलं होतं.

आपल्याला दोन्ही कामं करायची आहेत, आणि मराठीत करायची आहेत. मुलीचं शिक्षण मध्येच का थांबतं, मेहरची रक्कम कागदावरच का राहते, जमातीचा हिशेब सर्वांसमोर का मांडला जात नाही, हे आपणच विचारू. आणि त्याच अंकात, नाव ऐकून घर नाकारणाऱ्या सोसायटीलाही जाब विचारू. एका प्रश्नाने दुसरा खोटा ठरत नाही. आपल्या दोषांवर बोट ठेवणाऱ्या अनेकांना आपण खाली पडलेले हवे असतो. आपण लिहायचं ते आपल्या बहिणीचं कॉलेज सुटू नये म्हणून.

तेव्हा लिहा. नाव छापायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. फक्त जे पाहिलं, तेवढंच लिहा.