आजारी पडा, पण मुहूर्त पाहून

कामगार राज्य विमा योजनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. धडधाकट माणसासाठी इतकी उत्तम योजना दुसरी नसेल. अडचण एवढीच, की लाभ आजारी माणसाने घ्यायचा आहे.

मालक सव्वातीन टक्के भरतो, कामगाराचा पाऊण टक्का पगारातूनच कापतात. कापायला मुहूर्त लागत नाही. द्यायची वेळ आली की मात्र पंचांग उघडतं. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, तोही वर्गणी 78 दिवसांची भरली तर. नव्याने कामाला लागलेल्याचा लाभकाळ नऊ महिन्यांनी सुरू होतो. बाळंतपणाचं एक वेळ समजू शकतो, पण टायफॉइडला कोण सांगणार, थांब बाबा म्हणून?

मुहूर्त साधला, तरी पहिले दोन दिवस कोरडे. मग सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षाकाठी फार तर 91 दिवस. ब्याण्णवाव्या दिवशी बरं व्हायचं असतं, हे तुमच्यासारख्या सुज्ञांना सांगायला नकोच. नाही जमलं? मग यादी बघा. 34 दीर्घ आजार आहेत, क्षय, कुष्ठ, कर्करोग अशी मान्यवर मंडळी. त्यांना 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. मात्र आधी दोन वर्षं सलग नोकरी झालेली हवी. यादीबाहेरच्या रोगाने अंथरूण धरणं हा निव्वळ आगाऊपणा.

आणि पूर्ण पगार कशाला मिळतो? नसबंदीला! पुरुषाला 7 दिवस, बाईला 14. म्हणजे ताप 70, कॅन्सर 80, नसबंदी 100. कामगार वाचला नाही तरी चालेल, वाढता कामा नये.

शिवाय ठरावीक दिवसांनी दवाखान्यात हजर होऊन दाखला घ्यायचा. रांगेत तासभर उभे राहिलात, तर खिडकीमागचा गृहस्थ चष्म्यावरून बघतो : एवढं उभं राहता येतं, मग आजारी कसले? नाही उभे राहिलात, तर दाखला नाही. इतका निर्दोष वदतोव्याघात नव्यन्यायाच्या पंडितांनाही सुचला नसता.

पगाराची मर्यादा 2017 साली 21,000 ठरली. ती ओलांडलीत, की चालू वर्गणीकाळ संपताच तुम्ही बाहेर. पगारवाढीचे पेढे वाटा आणि पुढचं आजारपण स्वखर्चाने साजरं करा. नाक्यावर उभा राहणारा मजूर तर आत कधी नव्हताच, त्याला बाहेर काढण्याचा त्रास वाचला.

एवढं करून वर ऐकायचं काय? कामगार खोटे दाखले आणतात, फुकटचं खातात! हे बोलणाऱ्या सरकारी साहेबांची कंबर धरली, की परिवर्तित रजा, पूर्ण पगारी. तिला कोणी फुकट म्हणत नाही. ज्याच्या घामातून दरमहा कापून घेतलं, त्याने आपलेच पैसे मागितले की तो याचक, आणि देणारा कर्ण!

तेव्हा अंगात ताप नाही तोवर विमा क्रमांक शोधा आणि मालकाने तुमचे किती दिवस भरलेत ते आजच तपासा. कापलेले पैसे पोचलेच नाहीत, हे रुग्णशय्येवर कळलं तर भांडायला अंगात त्राण नसतं.