बोलायला घरचे आहेत की!

परवा घरी विषय निघाला. भाची दर आठवड्याला मानसोपचारासाठी जाते हे कळल्यावर एकजण म्हणाले, "पैसे देऊन बोलायचं? बोलायला घरचे आहेत की!" सगळे हसले. मीही हसले. रात्री मात्र झोप लागेना.

घरचे ऐकतात कुठे? समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपला सल्ला तयार. शाळेतही मी तेच केलं. मूल रडत आलं की माझं पहिलं वाक्य, "रडू नकोस."

आणि हे आजकालचं फॅडही नव्हे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं 'बोलण्याच्या उपचारा'वरचं पुस्तक १८९५ सालचं. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली.

ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी समोरचा माणूस फक्त आपलं ऐकतो. उपदेश जवळजवळ नाहीच. आईवडिलांवरचा जुना राग कधी त्याच्यावरच निघतो. तो उलट रागावत नाही. दोघं मिळून त्या रागाचं मूळ शोधतात. घरात हे कसं व्हावं? राग ज्यांच्यावर, तेच समोर बसलेले!

हे महाग आहे, वेळखाऊ आहे, सगळ्यांना लागतंच असंही नाही. पण म्हणून हसू नये.

भाचीला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "मावशी, खुशाल लिही. फक्त मला सल्ला देऊ नकोस."

नाही देत. त्या दिवशी हसले ते चुकलं, एवढंच सगळ्यांसमोर सांगते.